आधी बाक, मग बाग



दिवाळी सरली, तुळशीची लग्ने लागली, की मुंबईच्या हवेत थोडासा गारवा उतरतो. पुण्या-नाशिककडची मंडळी त्याला थंडी म्हणायला तयार होणार नाहीत. परंतु ऑक्टोबरचा घाम सोसलेल्या मुंबईकराला तेवढाही पुरतो. घरोघरी सहलींचे बेत शिजू लागतात आणि या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. पावसाळ्यात सांधेदुखीविषयी विचारणारे वाचक आता विचारतात, आईला कुठे नेऊ, बाबांना काय दाखवू.

यंदाच्या पत्रांपैकी डोंबिवलीच्या एका भगिनींचे पत्र मनातून जाईना. त्यांच्या सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. आषाढात न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, वॉकर घेऊन त्या घरात फिरू लागल्या. डॉक्टरांनी बाहेर चालण्याची परवानगी देऊनही महिना उलटला. परंतु तपासणीच्या फेऱ्या सोडल्या तर पाच महिन्यांत त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. नातवंडांनी बेत आखला आहे की, सुटीच्या दिवशी गाडी करून आजीला एका दिवसात सारी मुंबई दाखवायची. राणीची बाग, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि जमल्यास घारापुरी. आजी मात्र ‘आता माझे काय पाहायचे राहिले आहे?’ एवढेच म्हणतात आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात. ‘न्यावे की त्यांच्या मनासारखे राहू द्यावे?’ असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

न्यावे, अवश्य न्यावे. परंतु पाच ठिकाणी नव्हे, एकाच ठिकाणी. दिवसभर नव्हे, फार तर दोन तास. आणि ते ठिकाण निवडताना तेथे पाहण्यासारखे काय आहे याआधी तेथे बसायला बाक किती आहेत, हे विचारावे.

‘मनासारखे राहू द्यावे’ हा विचार प्रेमापोटीच येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पडून हाड मोडलेल्या वृद्ध माणसाचे हाड काही आठवड्यांत जुळते. मनात बसलेली भीती मात्र तशी जुळून येत नाही. पुन्हा पडू, या धास्तीने माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात, तोल सांभाळण्याची सवय जाते आणि त्यामुळे पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले, की ‘आता काय पाहायचे राहिले’ हे वाक्य विरक्तीचे वाटले तरी पुष्कळदा ते भीतीचे असते. उतारवयात अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायूंची जी हानी काही दिवसांत होते, ती भरून काढायला कित्येक आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटना पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल सुधारणारे व्यायाम करण्यास सांगते. नुकत्या बऱ्या झालेल्या माणसाला हा आकडा दूरचा आहे, हे मान्य. पण घराच्या दिवाणखान्यात, सोफा आणि दूरचित्रवाणी यांच्यामधल्या सहा पावलांत तो कधीच गाठता येणार नाही.

बागेचा गुण केवळ चालण्यापुरताही नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची त्याने तुलना केली. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, त्यातून सगळे सिद्ध झाले असे म्हणू नये. तरीही भिंतीकडे तोंड करून निजलेल्या आजींचे वर्णन वाचताना मला तो आठवला.

आता बाकांच्या हिशेबाकडे वळू. निघण्यापूर्वी चार-सहा दिवस घरात किंवा इमारतीच्या आवारात पाहावे, की न थांबता, बोलता बोलता किती मिनिटे चालता येते. दहा मिनिटे येत असतील, तर बागेत पाच मिनिटांच्या अंतरापलीकडे जाऊ नये, कारण तेवढेच परतायचेही असते. हा साधा हिशेब उत्साहाच्या भरात हमखास विसरला जातो आणि मग परतीच्या वाटेवर वॉकर हातात असूनही माणसाला धरून आणावे लागते. घरातील एखाद्या तरुणाने आधी एकदा जाऊन वाट पाहून यावी. प्रवेशद्वारापासून पहिला बाक किती पावलांवर आहे, दुसरा किती, सावली कोणत्या बाजूला असते, पायऱ्या किती, कठडा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे आणि तेथे कमोड आहे का, फरशी ओली असते का. कागदावर चार रेघा ओढून हा नकाशा तयार करावा.

बाकाची उंचीही पाहावी लागते. आपल्या उद्यानांतील सिमेंटचे बाक पुष्कळदा बुटके असतात आणि त्यांना हात नसतात. खुब्याचा सांधा बदललेल्यांना, गुडघे खुब्याच्या वर जातील इतक्या खाली बसू नये, अशी सूचना सुरुवातीच्या काळात दिलेली असते. अशांनी घरून एक घट्ट, जाड उशी न्यावी. मऊ उशी नको. ती दबते आणि उठताना आधार देत नाही. उठवताना काखेत हात घालून ओढू नये. त्यांनी दोन्ही पावले मागे घ्यावीत, पुढे झुकावे, आणि आपण केवळ पाठीशी हात ठेवावा. उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून उभ्यानेच दहापर्यंत अंक मोजावेत आणि मग पाऊल टाकावे.

एवढा विचार करून कोणती बाग निवडावी असे विचाराल, तर मी पहिले नाव भायखळ्याच्या राणीच्या बागेचे घेईन. आजचे तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, म्हणजे तिने दीडशेहून अधिक वर्षे पाहिली आहेत. मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीतील बहुतेकांनी पहिला वाघ, पहिला हत्ती तिथेच पाहिला. आजची गर्दी पेंग्विनपाशी असते. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१७ पासून तेथे लोकांना पाहता येतात. नातवंडांनी ते जरूर पाहावेत, परंतु रांगेत उभे राहणे आजींच्या वाट्याला देऊ नये.

राणीच्या बागेचे खरे वैभव तिची झाडे आहेत. तीन हजारांहून अधिक वृक्ष आणि त्यांत दोनशेहून जास्त जाती. शहराच्या मध्यावर एवढा संग्रह दुसरीकडे सापडणार नाही. बागेच्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला तेव्हा या झाडांसाठी काही जागरूक नागरिकांनी, त्यांत प्रामुख्याने स्त्रियांनी, वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला, हे आपण कृतज्ञतेने आठवावे. येथे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिच्या खोडाचा घेर पाहून लहान मूलही थबकते. कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडावर लगडतात. नागफणीखाली पिंडी असावी तशी त्यांची घडण आणि सुगंध दूरवर येणारा. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी येथे आहे. थंडी सरता सरता तिच्या फांद्यांवरून लालसर फुलांचे झुपके झुंबरासारखे लोंबू लागतात आणि ते पाहायला वृक्षप्रेमी लांबून येतात. हे सारे बसून पाहता येते, हा वृक्षांचा मोठाच उपकार. वाघ पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन झोपला तर आपल्याला वळसा घालावा लागतो. गोरखचिंच जागची हलत नाही.

याच आवाराला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ही इमारत १८७२ साली खुली झाली आणि १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकाच्या वाचकांना भाऊ दाजींविषयी आपुलकी वाटावी. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले हे वैद्य ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील. कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाचा उपयोग करून पाहण्यासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम केले, प्राचीन शिलालेख वाचले आणि हे संग्रहालय उभारण्यातही पुढाकार घेतला. आत जुन्या मुंबईचे नकाशे आणि निरनिराळ्या समाजांच्या वेशभूषा दाखविणाऱ्या मातीच्या प्रतिकृती आहेत. चालून दमलेल्यांनी तळमजला पाहावा. जिना चढण्याचा आग्रह धरू नये.

संग्रहालयाच्या बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत मोडला. नंतर तुकडे जोडून या बागेत उभा करण्यात आला. डोंबिवलीच्या नातवंडांना माझे सांगणे असे की, घारापुरीचा बेत तूर्त बाजूला ठेवावा. गेटवेपाशी लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीत पाऊल टाकणे हा क्षणच नुकत्या बऱ्या झालेल्या खुब्याला धोक्याचा. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण डोलीत बसायला आणि उतरायलाही तोल लागतो. त्या बेटाचा हत्ती भायखळ्याला सपाट जमिनीवर भेटतो, तोवर त्याच्यावर समाधान मानावे. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे. रविवारी आणि सुटीच्या दिवशी येथे जत्रा लोटते. त्यामुळे नातवंडांच्या सुटीशी जुळत नसले तरी आडवारी, बाग उघडताच जाणे उत्तम. भायखळा स्थानक जवळ आहे. परंतु पहिल्या खेपेस लोकलच्या गर्दीत आणि पुलाच्या पायऱ्यांत शक्ती खर्ची घालू नये, प्रवेशद्वारापर्यंत वाहनानेच जावे.

मलबार हिलवरची फिरोजशहा मेहता उद्यान आणि कमला नेहरू पार्क ही जोडगोळी सर्वांच्या ओळखीची. पहिल्या बागेला आपण हँगिंग गार्डन म्हणतो. ती वरच्या हिरवळीखाली दडलेल्या जलाशयावर वसविली आहे. दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी तेथे साठते. कापून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे, फुलांचे ताटवे आणि संध्याकाळचा वारा यांमुळे जागा रमणीय आहे खरी. पण डोंगरावरची जागा म्हटली की चढउतार आणि पायऱ्या आल्याच, म्हणून वॉकर वापरणाऱ्यांसाठी मी तिला दुसऱ्या-तिसऱ्या सहलीची जागा मानतो. समोरच्या बागेत म्हातारीचा बूट आहे. नातवंडांनी त्यात खुशाल चढावे. खऱ्या आजीने बाकावर बसून त्यांना हात हलवावा. तेथूनच जवळ २०२५ च्या मार्चमध्ये एक उन्नत निसर्गमार्ग सुरू झाला आहे. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी ही लाकडी वाट ४८५ मीटर लांब आहे. काठी न घेता पाऊण तास चालू शकणाऱ्या ज्येष्ठांना ती फार आवडते, असे अनुभव ऐकले. तिचे तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावे लागते. चालताना ज्यांना भोवळ येते, त्यांनी काचेच्या तळाच्या सज्जावर जाऊन खाली पाहण्याची हौस टाळावी.

समुद्र पाहायचा तर मरीन ड्राइव्हसारखी सोयीची जागा नाही. रुंद, सपाट पदपथ, वाळू नाही, चढ नाही, आणि चाकाची खुर्चीही सहज ढकलता येते. मागे उभ्या असलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या गोल सज्जांकडे पाहायला आपण मुंबईकर सहसा मान वळवत नाही, तीही एकदा वळवावी. मात्र तेथे बसायचा कठडा ही पाठ नसलेली बैठक आहे आणि तिच्या पलीकडे थेट सिमेंटचे त्रिकोणी दगड. तोल जाणाऱ्यांनी कठड्यावर पाय पलीकडे सोडून बसू नये. घडीची, पाठ आणि हात असलेली खुर्ची गाडीत टाकावी. कोणी हसणार नाही, आणि हसले तरी बिघडत नाही. गिरगाव चौपाटीच्या वाळूत वॉकरचे पाय रुततात, म्हणून वाळूच्या कडेलाच थांबावे. तेथून जवळ ज्येष्ठांसाठी राखलेले नाना-नानी पार्क आहे. समवयस्कांत बसून चार गप्पा झाल्या, तर त्या औषधाहून कमी नाहीत. तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण पुष्कळांना येईल. १९५१ मध्ये सुरू झालेले ते ठिकाण आता बंद आहे. त्याच्या आशेने कोणी टॅक्सी करू नये.

दादर-माटुंग्याच्या आसपास राहणाऱ्यांना एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे मैदानाभोवती सलग पसरलेला बाकच. जेथे दमावे तेथे बसावे, इतकी निर्धास्त जागा मुंबईत विरळा. क्रिकेटचे सामने फुकट पाहायला मिळतात, ओळखीचे कोणी ना कोणी भेटते. संध्याकाळी सहानंतर मात्र वेगाने फेऱ्या मारणाऱ्यांचा लोंढा असतो. त्यात हळू चालणाऱ्याला धक्का लागण्याचे भय आहे, म्हणून चारच्या सुमारास जावे. पारशी कॉलनीतील फाइव्ह गार्डन्सची रचना मंचेरजी जोशी यांच्या दूरदृष्टीची. जुन्या, डेरेदार वृक्षांमुळे तेथे सावलीची वाण नाही. धारावीनजीक मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी शहराचा कचरा टाकला जाई त्या ३७ एकरांवर आज दाट झाडी आणि पक्ष्यांची वस्ती आहे. १९९४ मध्ये ते खुले झाले. वाटा मातीच्या असल्याने वॉकरवाल्यांनी बेताने जावे, पण ज्यांना शांतता हवी त्यांच्यासाठी ते अनमोल आहे. वांद्र्याच्या बाजूस राहणाऱ्यांना जॉगर्स पार्क ठाऊकच असेल.

विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांना बागेत नेणाऱ्यांसाठी चार शब्द वेगळे लिहितो. त्यांच्यासाठी नवी जागा शोधू नये. ज्या बागेत ते तरुणपणी गेले असतील तीच निवडावी. तेथे पोचल्यावर ‘हे कोणते झाड, ओळखा पाहू’, ‘आपण इथे कोणाबरोबर आलो होतो, सांगा’ अशी परीक्षा कृपा करून घेऊ नये. उत्तर आले नाही की त्यांच्या चेहऱ्यावर जी लाज उमटते, ती सहलीचा सारा आनंद पुसून टाकते. त्याऐवजी आपणच सांगावे, ‘बाबा, हा कैलासपती. याचा वास घ्या.’ आठवणींची इतर दारे मिटली तरी वासाचे दार कधी कधी किलकिले असते. काही आठवलेच नाही तरी फुलाचा वास आलेला असतोच. त्यांच्या खिशात घरच्यांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि गर्दीच्या दिवशी त्यांना मुळीच नेऊ नये.

वेळेविषयी एक समज दुरुस्त करायला हवा. पहाटेची हवा शुद्ध, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईच्या हिवाळ्यात ते खरे राहिलेले नाही. थंड, पडलेल्या हवेत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहतात आणि पहाटे धुरके दिसते. दमा, जुनाट खोकला किंवा हृदयविकार असलेल्यांनी पाच-साडेपाचला बाहेर पडण्याऐवजी ऊन थोडे वर आल्यावर, आठ-साडेआठनंतर निघावे आणि हवेची स्थिती वर्तमानपत्रात पाहून ठरवावे. दुसरीकडे, किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. आणि वयपरत्वे तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून साडेदहापर्यंत परतीची वाट धरावी.

पाण्याचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. बाहेर पडायचे म्हटले की पुष्कळ वृद्ध स्त्रिया आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे कमी करतात, कारण स्वच्छतागृहाची धास्ती. त्या हे कोणाला सांगत नाहीत. त्यातून चक्कर येते, रक्तदाब उतरतो, मूत्रमार्गाचा दाह होतो. ‘पाणी प्या’ असा हुकूम करून उपयोग नाही. ‘आई, स्वच्छतागृह कुठे आहे ते मी पाहून आले आहे, आतून कडी आहे, मी बाहेर उभी राहीन,’ असे सांगितले तर त्या आपणहून पितील. लघवी वाढविणारी गोळी सकाळी घ्यायची असेल, तर त्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळी टाळू नये. मधुमेहींनी न्याहारी करूनच निघावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम सुटून हात थरथरू लागले, तर घर गाठण्याची वाट न पाहता ते तेथेच घ्यावे.

आणि आता ज्यांनी पत्र लिहिले त्यांच्याविषयी. पाच महिने सासूबाईंनी उंबरठा ओलांडला नाही, असे त्या लिहितात. त्या स्वतः या काळात किती वेळा ओलांडू शकल्या, हे त्यांनी लिहिलेले नाही. शुश्रूषा करणारी व्यक्तीही हळूहळू त्याच चार भिंतींत कोंडली जाते, आणि तिच्याविषयी कोणी पत्र लिहीत नाही. म्हणून सहलीला दोघे सोबती असावेत. मुलगा किंवा मोठा नातू आईजवळ बाकावर बसला, की सूनबाईंनी अर्धा तास एकटीने फिरून यावे. संग्रहालय पाहावे, उर्वशीपाशी नुसते उभे राहावे, वाटल्यास काहीच करू नये. हा अर्धा तास मागून घ्यावा लागेल, मागावा. सासूबाईंनाही तो सुखावेल, कारण आपल्यामुळे सून अडकली आहे हे शल्य त्यांना असतेच.

त्या ‘नाही’ म्हणत राहिल्या तर? बागेचे नावच काढू नये. आधी इमारतीच्या दारापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत जावे. ‘देवाला फुले तुम्हीच निवडा,’ एवढे निमित्त पुरते. माणसाला हिंडायला नेले जाते तेव्हा तो ओझे असतो. काही काम घेऊन निघतो तेव्हा नसतो. असे आठ-दहा दिवस झाले की भायखळा फार दूर वाटणार नाही. तेथेही त्यांच्याकडे एखादे काम सोपवावे. नातवाला झाडांची मराठी नावे सांगण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोण करील?

घरी परतल्यावर पावले पाहावीत, विशेषतः मधुमेहींची. कुठे लाली, फोड किंवा घासल्याची खूण असेल तर तिची त्याच दिवशी दखल घ्यावी. पाणी द्यावे, अर्धा तास पडू द्यावे. पण दुपारभर झोपू देऊ नये, रात्रीची झोप मोडते. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर ते स्नायूंनी काम केल्याचे लक्षण आहे. खुब्यात किंवा जांघेत नवी कळ आली, पाय टेकवेना किंवा पोटरी सुजली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सारे ठीक असेल तर पुढच्या आठवड्यातला आडवार पंचांगावर खूण करून ठेवावा, आणि बाकांच्या नकाशात यंदा कोठवर गेलो होतो तेथे एक रेघ ओढावी.